उजव्या चाकाचा दोष

बेबीनंदा वाहूळ मस्तगडातल्या एका दुकानात मोटारी भरते. विहिरीवरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी बसवणं, याला इकडे मोटार भरणं म्हणतात. दुकानाच्या पाटीवर अप्पाराव वाहूळ हे नाव आहे. तो तिचा धाकटा दीर. अप्पाराव गिऱ्हाइकाशी बोलतो, मोटार टेम्पोतून उतरवून घेतो, झाली की चढवून देतो. मधलं सगळं ती करते.

मी सळईच्या मिलमध्ये एकतीस वर्षं फिटर होतो. निवृत्त झालो तेव्हापासून रोज सकाळी त्या दुकानात बसतो. माणसानं किती काम केलं ते मी त्याच्या हातावरून ओळखतो. बेबीनंदाच्या बोटांवर तारेच्या रेघा आहेत. अप्पारावच्या बोटात अंगठी आहे.

काम तिला नवऱ्यानं, शिवाजीनं शिकवलं. त्याचं काम बारीक होतं. त्याचा एक नियम होता, मेगर केल्याशिवाय मोटार दुकानाबाहेर जाणार नाही. मेगर हे पाचशे व्होल्टचा दाब देऊन तपासायचं यंत्र. वीज मोटारीच्या लोखंडात उतरते का, ते त्यानं कळतं. टेंभुर्णीकडं एका विहिरीवर दुसऱ्या कोणाच्या हातची मोटार लागली होती. तिला हात लावताच माणूस जागेवर गेला. शिवाजी ते प्रेत बघून आला होता. तेव्हापासून हा नियम. शिवाजी आजारानं गेला, दुकान दिराच्या नावावर झालं, नियम मात्र बेबीनंदानं सोडला नाही.

गेल्या वर्षी तिनं मोटारी ओढून नेणारी एक छोटी गाडी बनवायला घेतली. जड मोटार दारापासून टेबलापर्यंत ओढताना तिची कंबर धरायची, त्यावरून डोक्यात आलं. जीपच्या वायपरच्या दोन मोटारी, मोटारसायकलची बॅटरी, लोखंडी पाट्याची चौकट. चाकांना पुढं-मागं फिरवणारा कंट्रोलर तिनं कुरिअरनं मागवला. मोबाइलवर बोट ठेवलं की गाडी निघायची. बाकीचं ती व्हिडिओ बघून शिकली, तेही दुपारची भाकरी खाताना. आठ महिने लागले. ती तिला गाडीच म्हणायची.

गावाबाहेरच्या एका कॉलेजात रोबोंचं प्रदर्शन होतं, त्यात बाहेरच्या लोकांसाठी खुला गट होता. तिनं अप्पारावला फॉर्म भरायला सांगितला.

"बनवणाराच्या जागी माझं नाव टाका, भाऊजी."

"टाकतो ना वहिनी. तुमचं न्हाई तर काय टेम्पोवाल्याचं टाकू?"

ती हसली. मला म्हणाली, "नाना, एवढ्या मोटारी भरल्या, एकीवर बी माझं नाव न्हाई. हिच्यावर तरी लागू द्या."

प्रदर्शनाला चार दिवस राहिले आणि गाडी बिघडली. डावं चाक दोन्हीकडं फिरायचं. उजवं पुढं जायचं, पण मागं घ्यायला गेलं की फ्यूज उडायचा. तीन फ्यूज उडाले तेव्हा तिनं हात थांबवला. मिलमधले आमचे वायरमन फ्यूजच्या जागी जाड तार टाकून मोकळे झाले असते.

"फ्यूज कायतरी सांगून राह्यला," ती म्हणाली. "त्याचं तोंड कशाला दाबू."

अप्पारावनं दारातून मान आत घातली. "वहिनी, दोन पाणबुडी मोटारी भरायच्या पडल्यात. शेतकरी माझ्या नावानं ओरडून राह्यले. हा खेळ बस करा."

"संध्याकाळपर्यंत देते भरून."

आणि दिल्या. दोन्ही, मेगर करून. मग गाडीला हात लावला.

आधी तिनं दोन्ही मोटारींच्या तारा अदलाबदल केल्या. दोष मोटारीत असता तर मोटारीबरोबर डावीकडं गेला असता. गेला नाही. कंट्रोलरच्या उजव्या बाजूलाच राहिला. बॅटरी मोजली, ठीक. तारा हलवून पाहिल्या, ठीक. मग कंट्रोलर सुटा केला. त्याच्यावर वीज सोडणारे नि अडवणारे आठ छोटे भाग असतात, त्यांना मॉस्फेट म्हणतात. एका चाकाला चार. तिनं मीटरची टोकं एकेकाला लावली. सात गप्प राहिले. एकाला लावलं की मीटर वाजायचा, टोकं उलटी केली तरी वाजायचा. तो शॉर्ट झाला होता, वीज अडवतच नव्हता. पुढं जाताना चालून जायचं, मागं घेतलं की बॅटरीची दोन टोकं सरळ एकमेकांना भिडायची.

दुसरा कोणी भाग बदलून उठला असता. ती बसून राहिली. भाग का मेला ते कळल्याशिवाय नवा लावायचा नाही, असं तिचं म्हणणं. बऱ्याच वेळानं तिनं कपाळावर हात ठेवला.

"मीच मारलं, नाना."

गाडी बिघडायच्या आदल्या दिवशी तिनं उजव्या मोटारीतला, फिरत्या भागाला वीज पोचवणारा घासलेला कार्बन बदलला होता. मोटार गाडीवरच होती, कंट्रोलरच्या तारा जोडलेल्या होत्या. काम संपलं, हात मेगरकडं गेला. बारा व्होल्टच्या कंट्रोलरमध्ये पाचशे व्होल्ट गेले. मेगरनं मोटार खराब दाखवली तेव्हा तिनं तारा काढून पुन्हा पाहिलं, मोटार चांगली निघाली, नि ती निश्चिंत झाली. डावी मोटार बसवायच्या आधीच टेबलावर तपासली होती, म्हणून ती बाजू वाचली.

"हात बराबरच चालला," मी म्हणालो. "तारा तेवढ्या सोडायच्या राहिल्या."

"राहिल्या म्हंजे राहिल्याच. त्याला दुसरं नाव न्हाई."

अप्पाराव दारात उभा राहून ऐकत होता. "आता काय?"

"आता भाग शोधते."

नवा मागवायला वेळ नव्हता. भंगारातल्या एका इन्व्हर्टरच्या सर्किटवर तिला बसण्यासारखे दोन मिळाले. नंबर मोबाइलवर जुळवून बघितले. मेलेल्याचा जोडीदारही तिनं काढून टाकला. एकाला मार बसला तर दुसऱ्यावर भरवसा नको. कथिलाचा डाग देऊन दोन्ही बसवले. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी मागं आली, पुढं गेली, पुन्हा मागं आली. तिनं ती शंभर वेळा चालवली. मी मोजत होतो.

प्रदर्शनाला मीही बरोबर गेलो. टेबलावर चिठ्ठी होती. बनवणारा: अप्पाराव वाहूळ. खाली बारीक अक्षरात, सहकार्य: सौ. वाहूळ. नाव तर नव्हतंच, आणि तिला सौ. लावायचं बारा वर्षांपूर्वीच संपलं होतं.

"फॉर्मला दुकानाचा कागद लागत होता, वहिनी," अप्पाराव म्हणाला. "सर आले की मी सांगतो ना त्यांना."

तपासणारे सर आले. गाडीनं वीस किलोची मोटार ओढून दाखवली. सर खूश झाले. विचारलं, "बनवताना अडचण काय आली?"

बेबीनंदानं तोंड उघडलं. "उजवी बाजू..."

"ते आमच्या वहिनीनं मेगर लावून जाळलं होतं, सर," अप्पाराव म्हणाला. "मंग आम्ही कंट्रोलर उघडला, मॉस्फेट बदलला."

"मेगर? या खेळण्याला?" सर हसले. मागची पोरं हसली. अप्पारावही हसला. मग सरांनी विचारलं, "बदलून कोणता टाकलात?"

अप्पाराव गाडीकडं बघायला लागला. मग वहिनीकडं. मीही तिच्याकडं पाहिलं. ती गप्प राहिली असती तर तिथंच सगळं उघडं पडलं असतं. पण कामाचं विचारलं की उत्तर द्यायची तिला सवय. तिनं नंबर सांगितला, किती व्होल्ट, किती अँपिअर तेही सांगितलं.

"वा," सर अप्पारावला म्हणाले. "मदतनीस हुशार आहे तुमची."

खुल्या गटात दुसरा नंबर आला. प्रमाणपत्र अप्पारावनं घेतलं, फोटो काढून घेतला. आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो गोष्ट सांगतो, वहिनीनं कशी जाळली नि आपण कशी नीट केली. चूक तिच्या नावावर लागली, दुरुस्ती त्याच्या. आठ महिन्यांत गाडीवर तिचं एवढंच नाव लागलं.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा दुकानात जाऊन बसलो. ती तार सोडवत होती. वर न बघता म्हणाली,

"नाना, काल तुम्ही तिथंच होते ना?"

"होतो."

"सगळं डोळ्यानं बघितल्यालं होतं ना तुम्ही?"

"बघितलं होतं."

"मंग?"

मी तोंड उघडेपर्यंत तिनं तारेचे वेढे मोजायला सुरुवात केली होती. मोजणाऱ्या माणसाशी बोलायचं नसतं. मी बसून राहिलो. मला ते सोयीचं पडलं.