उरलेल्या टेपवरचे नमन

कल्याणच्या तहसील कचेरीबाहेर, पिंपळाखाली, माझे टेबल आणि टाइपरायटर तेव्हाही होते. शिक्षण आठवीपर्यंत, परंतु माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नसे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दोन मित्र भागीदारीचा करार करून घेण्यास आले. एक कळव्याचा कोळी, हळदीची गाणी रचून त्यांस चाल लावणारा. दुसरा वागळे इस्टेटमधील कारखान्यात लेथ चालवणारा टर्नर, जुन्या कीबोर्डवर त्या गाण्यांस साज चढवणारा. ठाण्याच्या एका कॅसेट कंपनीने नमुन्याचे एक गाणे मागितले होते. पसंत पडल्यास अख्खी कॅसेट. न पडल्यास कीबोर्ड विकायचा, अशी टर्नरच्या वडिलांची ताकीद होती.

मी गाणे म्हणावयास सांगितले. ते एकदम ढोलकीवरच सुरू झाले. मी हात वर केला.

"अर्जाला मायना नको? आधी ग्रामदेवता, मग वडीलधारे, मग यजमान. विषय त्यानंतर."

दोघांनी माना डोलावल्या. मी सोळा ओळींचे नमन रचून दिले.

आठवड्याने ते परतले. टर्नर खाली मान घालून उभा होता. कोळी म्हणाला, "भाऊसाहेब, शेठनी आठव्या ओळीला टेप बंद केली. बोलला, लगीन उरकेल तरी गाणं काय यायचं नाय."

"मग?"

"सोमवारपर्यंत दुसरं आणा, नायतर विषय संपला. आय तर बोलली, बाया हळदीचे हात घेऊन उभ्या असतात, त्यांना कचेरी कशाला दाखवता?"

त्याची आई लग्नांत धवले, म्हणजे विधींची गाणी, गाणारी. तिच्यापुढे माझी सनद चालणार नव्हती. मी स्वहस्ते नमनावर काट मारली.

रविवारी कळव्यात एक हळद होती. तेथे ते गाणे ढोलकीपासून म्हटले गेले. पहिल्याच कडव्याला बायका नवऱ्या मुलाला अर्धा पिवळा सोडून नाचावयास धावल्या. तो बिचारा पाटावर बसून हाका मारीत राहिला. "आता द्या शेठला," आई म्हणाली.

शेठने कॅसेट काढली. मग दुसरी, तिसरी. पुढील दशकात कळव्यापासून खडवलीपर्यंत या जोडीवाचून मांडव सजेना. गायक त्यांच्या तारखांसाठी थांबू लागले. कव्हरवर मात्र दोघांची नावे सदैव एका ओळीत, एका मापात. करारातले ते कलम माझे.

पहिली कॅसेट देताना टर्नर म्हणाला होता, "दुसऱ्या बाजूला शेवटी थोडी टेप उरलेली. तुमचं नमन तिथे टाकलंय."

पुढे खडवलीच्या एका हळदीस मी हजर होतो. त्या पहिल्या कॅसेटवरची गाणी संपली, नाचणारे घाम पुसत बसले, आणि माझे नमन सुरू झाले. एक जण कॅसेट उलटावयास उठला. शेजारच्या म्हातारीने त्याचा सदरा धरला.

"बस रं. देवाचं नाव चाललंय."

सोळाही ओळी पूर्ण झाल्या. नंतरच कॅसेट उलटली.