वरची ओळ

तीस वर्षं मी पोरांना समासाचा विग्रह शिकवला. राजवाडा म्हणजे राजाचा वाडा, मधला 'चा' गिळलेला. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. लेक लग्न करून नॉर्वेला गेली, तेव्हा मी शाहूपुरीत बसून तिथली भाषा शिकायला घेतली. ती भाषा शब्दाला शब्द चिकटवत जाते. 'स्यूकेहूस' म्हणजे आजाऱ्यांचं घर, दवाखाना. 'फ्योत्सेल' म्हणजे जन्म. त्याला एक 'स' जोडून पुढं 'दाग' लावला की वाढदिवस. आणि आपल्या तत्पुरुषासारखंच तिथंही शेवटचं पद प्रधान. दर रविवारी लेक एखाद्या लांबलचक शब्दाचा फोटो पाठवायची, "बाबा, फोडा." मी फोडायचो आणि दिवसभर फुगून बसायचो.

तिचे दिवस भरत आले होते. एका सकाळी दवाखान्याच्या कागदाचा फोटो आला. खाली एवढंच, "बाबा, वाचा." न उघडता फोटोचा मधलाच भाग दिसत होता, आणि तिथं ओळीच्या सुरुवातीलाच शब्द होता, फ्योत्सेल. जन्म! "अभिनंदन! पेढे आणतो," असं लिहून मी चपला घातल्या. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

शेजारच्या काकींच्या हातावर पहिला पेढा ठेवला.

"पोरगा का पोरगी?"

"ते अजून कळलं न्हाय."

"असं कसं कळलं न्हाय? इचारा की!"

विचारायला फोन काढला, तर लेकीचं उत्तर येऊन पडलं होतं. "बाबा, वरची ओळ."

फोटो उघडला. वरच्या ओळीच्या शेवटी 'द्यो' आणि पुढं आडवी रेघ. द्यो म्हणजे मेलेला. एकच शब्द होता, ओळ संपली म्हणून सांध्यावर तोडलेला. मृतजन्म. शेवटचं पद प्रधान म्हणे! टोकाला रेघ दिसली की शब्द पुरा झालेला नसतो, हे मी चौथीच्या पोरांना बजावत आलो होतो. माझ्या हुशारीची मला किळस आली. तिला ते तोंडानं बोलवलं नसणार. बापाला वाचता येतं, एवढ्या भरवशावर तिनं कागद पाठवला होता.

काकी अर्धा पेढा हातात धरून उभ्या होत्या. मी तिथंच फोन लावला.

"वाचलं?" तिचा आवाज अगदी कोरडा होता.

"वाचलं, बाळा."

तिला मी लहानपणापासून बाळाच म्हणतो. तो शब्द ऐकला आणि तिनं हंबरडा फोडला.