आम्ही गोंड नाही, असं लिहून द्या

माझ्या मावशीची मुलं सरकारदरबारी आदिवासी होती आणि मी नव्हते. मावशी यवतमाळ तालुक्यात राहायची, आम्ही दारव्हा तालुक्यात, बोरी अरबजवळच्या एका वस्तीत. दोन्ही घरांत गोंडी बोलायचे, देव एक, सोयरीक एक. पण सरकारच्या यादीत यवतमाळ तालुका होता, आमचा दारव्हा नव्हता. हे मला चौथी पास झाल्यावर कळलं.

महाराष्ट्र होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. यवतमाळला आदिवासी मुलींचं वसतिगृह आहे, अर्ज करा, असं गुरुजींनी सांगितलं. माय मला मोटारीनं कचेरीत घेऊन गेली. बाबा आले नाहीत. कचेरीचं नाव काढलं की त्यांचं पोट दुखायचं.

बाबूनं अर्ज वाचला. "तालुका दारव्हा? मग तुम्ही गोंड नाही."

"मंग कोन आहो आमी?" मायनं विचारलं.

"ते मला काय माहीत? यादीत तुमचा तालुका नाही."

"शाळेत चपराशी माह्या पोरीच्या ओंजळीत वरून पानी टाकते. मडक्याले हात लावू देत नाई. काहून, त गोंडाची. तवा कोनी तालुका इचारत नाई, बाबू."

बाबू जरा वरमला. मग हळूच म्हणाला, "तुमची बहीण इकडं आहे ना? पोर तिची म्हणून दाखवा. मी काही ऐकलं नाही."

मी मायचा पदर ओढला. हो म्हण, हो म्हण. मायनं पदर सोडवून घेतला.

"माही पोर माहीच म्हनून शिकन. नाई म्हनता, त तसं लिवून द्या."

"नकार कोणी लिहून मागतं का, बाई?"

"मी मागतो."

बाबू लिहीना. माय व्हरांड्यात बसली. संध्याकाळी आम्ही मावशीकडे गेलो, सकाळी पुन्हा कचेरीच्या व्हरांड्यात. माझा जीव लाजेनं अर्धा झाला होता. येणारा-जाणारा आमच्याकडे पाहायचा आणि माय त्याच्याकडे पाहायची. तिसऱ्या दिवशी साहेबांनी वैतागून आत बोलावलं आणि दोन ओळी लिहून शिक्का मारला: अर्जदार दारव्हा तालुक्यातील असल्याने तिला अनुसूचित जमातीची समजता येत नाही.

वाटभर मी रडले. माय रडली नाही.

शाळा उघडली त्या दिवशी ती माझ्यासोबत बोरीला आली, सरळ मडक्यापाशी गेली, पेला बुडवला आणि माझ्या हातात दिला. चपराशी धावत आला. "ए बाई, हे काय करून राह्यली?"

मायनं कागद गुरुजींपुढं धरला. "वाचा गुरुजी, मोठ्यानं वाचा. सरकार म्हन्ते, आमी गोंड नाई. मंग हिनं हे पानी काहून नाई प्यावं?"

गुरुजींनी वाचलं. इतकी वर्षं त्यांनीही माझ्या ओंजळीत वरून पडणारं पाणी पाहिलंच होतं. त्यांनी मान खाली घातली. मला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी मी पेला रिकामा केला. नंतर कित्येक दिवस काही पोरं घरून पाणी आणत. आणोत बापडी! मी रोज माझ्या हातानं पेला बुडवत राहिले.

वसतिगृह मिळालं नाही ते नाहीच. पाऊसपाण्यात रोज बोरीला चालत जाऊन मी सातवी केली. पुढच्या साली माय वस्तीत घरोघर फिरली आणि पाच घरांना पोरांचे अर्ज करायला लावले.

"भेटनार नाई, त कायले करा?" एकानं विचारलं.

"नाई म्हनाचंच आहे त त्याह्यले दरसाल लिवाले लावू," माय म्हणाली.

दरसाल त्यांना लिहावं लागलं. बाबू तिला लांबूनच ओळखायचा आणि दौत पुढं ओढायचा.

तालुक्याची अट सुटली तेव्हा मी मास्तरीण होऊन बरीच वर्षं झाली होती. मी धावत सांगायला गेले, "माय, आता आपण आदिवासी झालो!"

माय तूर पाखडत होती. "झालो? आपन होतोच. त्याह्यले आता समजलं."

अर्ज केलेल्या त्या पाच पोरांपैकी तिघं तोवर शाळा सोडून दुसऱ्याच्या वावरात राबत होती. त्यांच्या लेकरांचे अर्ज मी माझ्या हातानं भरले. तालुक्याच्या रकान्यात दारव्हा लिहिलं, जरा दाबूनच.