तार बंद आहे म्हणाले तरी

यावलच्या बाजूला केळीच्या बागांमधून गेलेल्या लाईनवर जितेंद्र वायरमन होता. काम झटपट, डोकं त्याहून झटपट. चर्चमध्ये पाळक त्याला म्हणायचे, तुझा राग प्रार्थनेला बसून जाणार नाही, तो कामावरच जाईल. छोट्या गोष्टीत इमानदार राहायला शिक. म्हणून त्याने दोन गोष्टी धरल्या होत्या: तारेला हात लावण्याआधी अर्थ रॉड, म्हणजे तारेत चुकून वीज असली तर ती जमिनीत उतरवणारा लांब दांडा, लावायचाच, आणि कुणाला शिवी द्यायची नाही. पहिली जमली होती. दुसरी आदल्याच दिवशी मोडली. सबस्टेशनवरच्या ललितला तो फोनवर नको ते बोलून बसला होता, आणि माफी मागायला जीभ उचलत नव्हती.

एप्रिलच्या त्या दुपारी वाऱ्याने खांबावरची जोडतार तुटली आणि विहिरींवरच्या मोटारी बंद पडल्या. पाण्यावाचून केळीची पानं लोंबायला लागली होती. खांबाखाली पाच-सहा शेतकरी जमले. पितांबर आबा सगळ्यांत पुढे.

जितेंद्रने लाईन बंद करायला सांगण्यासाठी ललितला फोन लावला. ललित धुळ्याकडचा. कोरड्या आवाजात म्हणाला, "लाईन बंद शे. चढ."

अर्थ रॉड मोटारसायकलला बांधलेला होता आणि मोटारसायकल बांधाच्या पार पलीकडे. जितेंद्र तिकडे वळला तसे आबा तापले. बंद आहे म्हणून सांगितलं ना, मग हा वेळकाढूपणा कशाला? बाकीच्यांनीही री ओढली. जितेंद्रच्या कानशिलात रक्त उसळलं. पण तो गेला, रॉड घेऊन आला, त्याची एक बाजू जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडली आणि दुसरी खालून तारेला टेकवली.

फाडकन जाळ उडाला. लोक मागे पळाले.

जितेंद्रने फोन लावला. "ललित, कालचा सूड घेतोस का रे? मारायचं होतं मला?"

पलीकडून ललित हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, बंदच शे. मी स्वतः हातानं बंद केलीय."

तेव्हा सगळ्यांना जाणवलं, जाळ उडाला तशी केळीच्या आडून येणारी घरघर बंद पडली होती. तोवर ती कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. आबांच्या गड्याने विहिरीवर जनरेटर लावला होता, आणि वीज कंपनीची जोडणी न काढताच. तीच वीज उलटी तारेत चढली होती. आबांचा चेहरा पांढरा पडला.

जितेंद्रची मूठ वळली. जो माणूस घाई करून त्याला वर चढवायला निघाला होता, त्याच्याच जनरेटरची वीज तारेत होती. तो आबांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला. कुणी मध्ये पडलं नाही. मनातल्या मनात त्याने देवाला एवढंच म्हटलं, धर मला.

"आबा," तो म्हणाला, "आधी विहिरीवरची जोडणी काढा. मी स्वतः बघेन, मगच चढेन."

आबा विहिरीकडे चालू लागले. जितेंद्र मागोमाग गेला, सगळं तपासलं, रॉड पुन्हा लावला आणि मग चढला. संध्याकाळपर्यंत मोटारी सुरू झाल्या.

खाली उतरल्यावर त्याने ललितला फोन केला. कालचं आणि आजचं, दोन्हीची माफी मागितली. शब्द अडखळत आले. ललितने विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस का?

रविवारी चर्चमध्ये पाळकांनी त्याला, देवाने कसं सांभाळलं याची साक्ष द्यायला उभं केलं. लोकांना मोठी गोष्ट ऐकायची होती. जितेंद्र म्हणाला, "मी रागीट आहे. अजूनही आहे. पण त्या दिवशी थांबलो." आणि बायकोशेजारी जाऊन बसला.