थांबाबाईंचा तळहात

दिनांक १४ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. परवाना समितीच्या खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत, सांकेतिक भाषेच्या एका दुभाषीचा परवाना रद्द करण्यात आला. त्याविरुद्ध ही तक्रार. मी आणि माझी पत्नी दोघेही जन्मतः कर्णबधिर. बावीस वर्षे मी मुद्रितशोधक आहे. एक शब्द गाळला की काय होते, ते मला कोणी शिकवू नये.

या दुभाषी स्वमग्न आहेत. आईवडील कर्णबधिर शिंपी. त्यामुळे तोंडाआधी त्यांचे हात बोलू लागले. खुणांसाठी लागणारी भुवई त्यांची अचूक उचलली जाते. साहेबांसाठी लागणारे हसू मात्र उमटत नाही. आणि बोलणाऱ्याचे वाक्य संपेपर्यंत त्या तळहात पुढे धरून थांबतात. म्हणून रुग्णालयातले कारकून त्यांना 'थांबाबाई' म्हणतात. आमच्या खुणांतही तो तळहात हेच त्यांचे नाव. फक्त आम्ही ते आदराने घेतो.

जानेवारीत त्यांच्या जागी एक हसऱ्या, चटपटीत बाई पाठवल्या गेल्या. पत्नीच्या गाठीबद्दल डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही, असं मी म्हणणार नाही." बाईंचे हात 'कारण नाही'पाशीच मोकळे झाले. आम्ही निश्चिंत घरी आलो. महिन्याने डॉक्टरांनी चिडून तेच वाक्य पुन्हा ऐकवले, तेव्हा समोर थांबाबाई होत्या. पत्नीने मला खुणेने विचारले, "मग महिनाभर आपण कशावर हसत होतो?"

तरीही चौकशी झाली ती थांबाबाईंची. आरोप: संथपणा आणि 'निर्विकार चेहरा'. मी साक्षीला गेलो. दुसरा दुभाषी मिळेना, म्हणून स्वतःच्याच चौकशीत त्यांनाच दुभाषी व्हावे लागले.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही माणसांशी बोलता की भिंतींशी?" त्यांनी ते मला जसेच्या तसे सांगितले. एक सदस्य शेजाऱ्याकडे झुकून म्हणाले, "आधी हिलाच एक दुभाषी द्या!" तेही सांगितले.

"अहो, हे त्यांना नव्हतं सांगायचं!"

तेसुद्धा सांगितले.

मी जानेवारीचे अर्धे वाक्य समितीपुढे मांडले. मग अध्यक्षांचे ओठ हलले आणि थांबले; त्यांनी पाण्याचा पेला उचलला. थांबाबाईंचा तळहात हवेत होता. आपल्या भाषेत माणसाचे नशीब वाक्याच्या शेपटाला बांधलेले असते. तळहात जागचा हलत नव्हता. ओठ पुन्हा हलले, आणि मगच थांबाबाईंनी, स्वतःविरुद्ध, अख्खे वाक्य माझ्यासमोर ठेवले: "यांचा परवाना रद्द करावा, असं आम्हाला वाटतं."

'वाटत नाही' असे खोटे सांगणे किती सोपे होते!

येत्या गुरुवारी पत्नीची शस्त्रक्रिया आहे, आणि त्या खोलीत हसऱ्या बाई असणार आहेत. समितीवर एकही कर्णबधिर नाही. वाचकहो, हळहळू नका. गुरुवारच्या आत समितीला पत्र लिहा: थांबाबाईंचा परवाना परत द्या, आणि दुभाषी पारखणाऱ्या निम्म्या खुर्च्या आम्हाला द्या.