फुली असलेली घरं

पोलीस खात्यातून निवृत्त झालो तरी एक प्रकरण माझ्या मनात अजून मिटलेलं नाही. चऱ्होलीकडच्या एका वस्तीत अर्ध्या-अर्ध्या गुंठ्यावर विनापरवाना बांधलेली घरं होती. महापालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. एका सकाळी एकेचाळीस भिंतींवर लाल फुल्या दिसल्या. फुली म्हणजे घर पडणार, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. पालिकेने मात्र फुल्या आमच्या नाहीत, असं लेखी कळवलं.

फिर्याद दिली ती चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या विधवा बाईंनी. दोन खोल्यांपलीकडे त्यांचं काही नव्हतं.

"साहेब, आधी ती फुली पुसा. पोरं घरात झोपंनात."

"पोरांना चुलत्याकडे पाठवा, ताई. तपास चालू आहे."

खबर दिली हार्डवेअरवाल्याने. "पालिका माझ्याकडून रंग कशाला नेईल? लाल डबे आपल्या भाऊंनी नेलेत."

हे भाऊ एका पक्षाचे कार्यकर्ते, गावातल्या जुन्या मूळ घराण्यातले. चौकशीत त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"व्हय, मीच मारल्या. भ्याल्याबिगर लोक सभेला येत न्हाईत, अन लोक आल्याबिगर पुढारी तोंड उघडत न्हाई."

गुन्हा दाखल झाला. तोवर सगळ्याच पक्षांनी तिथे सभा घेऊन अभय देऊन टाकलं होतं. आचारसंहितेच्या आधी सरकारचा निर्णय आला : पाडकामाची खूण असलेली घरं आधी नियमित होणार.

पालिकेची माणसं खोट्या फुल्या पुसायला आली, तेव्हा बाया भिंतींना पाठ लावून उभ्या राहिल्या. फिर्यादी बाई सगळ्यांत पुढे.

"ताई, फुली खोटी आहे. तक्रार तुमचीच."

"तवा खोटी म्हणाला नाहीत. पोरं चुलत्याकडं पाठवा म्हणालात."

मी पालिकेच्या माणसांना सांगितलं, हा गुन्ह्यातला पुरावा आहे, दोषारोपपत्र जाईपर्यंत पुसता येणार नाही. नियमाला धरूनच होतं ते. तेवढ्यात घरं नियमित करण्यासाठी पाहणी झाली, बाईंचं घर वाचलं. कोर्टात त्यांच्यासकट सगळे साक्षीदार फिरले. भाऊ सुटले, त्यांचा पक्ष हरला आणि जिंकलेल्या पक्षाने घरं नियमित झाल्याचे दाखले वाटले.

धोरण नियमांतून येतं, असं मी नोकरीभर समजत होतो. इथे ते घाबरलेल्या मतदारांकडे बघून आलं आणि त्यांना घाबरवलं कुणी, याचं कुणालाच सोयरसुतक नव्हतं. मग मी नेमका कोणता गुन्हा उघडकीला आणला, ते मला सांगता येत नाही.

पुढे पलीकडच्या, फुल्या नसलेल्या गल्लीत पाडकाम झालं. बंदोबस्ताला मीच होतो. एक गृहस्थ भांडी बाहेर काढता काढता माझ्याजवळ थांबले.

"साहेब, त्या भाऊला आमच्या गल्लीत यायला काय झालं होतं?"