ओकादा-सानांचा शेवटचा सीझन

ज्या टीमचे सामने धड होत नाहीत, तिचे किस्से फार होतात. इथे जपानमध्ये, ओजिमातल्या आमच्या बिल्डिंगमधली मराठी मंडळी रविवारी चहाला जमली, की आधी ऑफिसातल्या उखाळ्यापाखाळ्या होतात. मग कचरा चुकीच्या दिवशी टाकला म्हणून शेजारणीनं कुणाला काय सुनावलं, ते होतं. आणि मग सगळे माझ्याकडे वळतात. "केतकी, तुझी टीम काय म्हणतेय?"

म्हणायचंय काय, हरतेय!

माझी टीम म्हणजे चिबाकडचा एक व्यावसायिक बास्केटबॉल क्लब, सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधला. नाव सांगत नाही, नोकरी अजून आहे. माझ्या नवऱ्याच्या, महेशच्या बँकेच्या प्रोजेक्टपायी आम्ही जपानला आलो, मी इथली भाषा शिकले आणि या क्लबची जाहिरात पाहिली. त्यांना त्यांच्या एकुलत्या एका अमेरिकन खेळाडूसाठी दुभाषी हवी होती. बाइतो, म्हणजे पार्टटाइम. पुण्यात कॉलेजच्या टीमकडून खेळले होते, म्हणून मी रुबाबात इंटरव्ह्यूला गेले. जनरल मॅनेजर निशिमुरा-सानांनी माझं खेळणं, जपानी, इंग्रजी यांबद्दल विचारलं आणि प्रत्येक उत्तरावर नुसती मान हलवली. शेवटी म्हणाले, "करी करता येते?"

येते म्हटलं. सोमवारपासून या म्हणाले.

*

व्यावसायिक टीम म्हटलं की लोकांना वाटतं, चकचकीत कोर्ट, मसाजवाले, मोठी बस. आमचा सराव वॉर्डाच्या सार्वजनिक जिममध्ये. आमच्यानंतर त्याच कोर्टवर साठीच्या पुढच्या बायकांचं बॅडमिंटन असतं. आमचे कोच एकदा डिफेन्सवरून जीव तोडून ओरडत होते. तेवढ्यात दारातून एक आजी घड्याळाकडे बोट दाखवत आत आल्या. कोच वाक्य अर्धं टाकून कमरेत वाकले आणि चक्क माफी मागायला लागले. सगळी टीम लांबलचक मॉप घेऊन फरशी पुसायला धावली. सगळ्यांत पुढे आमचे कॅप्टन, ओकादा-सान.

आजींनी मला हळूच विचारलं, "ही मुलं कुठल्या कंपनीची? सुट्टीच्या दिवशी छान खेळतात."

"नाही हो, यांचा हाच धंदा आहे. हे प्रोफेशनल आहेत."

आजींनी पुसणाऱ्यांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अरेरे!"

*

ओकादा-सानांबद्दल सांगायला हवं. हा क्लब पूर्वी एका कारखान्याची टीम होता. कारखान्यानं टीम बंद केली. बाकीचे खेळाडू हिशेब आणि गोदाम बघायला गेले. ओकादा-सान मात्र राजीनामा देऊन नव्या क्लबात आले, म्हणाले मला खेळायचंय. आता चाळिशीला टेकलेत. सरावानंतर दोन्ही गुडघ्यांना बर्फ बांधून बसतात आणि त्याच अवस्थेत नवीन पोरांना पास कसा द्यायचा ते दाखवतात.

आमचा एक स्पॉन्सर भाजीचा ठोक व्यापारी आहे. घरच्या मॅचला आमच्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला त्याच्याकडून नेगीची जुडी मिळते. नेगी म्हणजे इथली कांद्याची पात, हातभर लांब. मॅच हरलो तरी बक्षीस चुकत नाही. आमचा अमेरिकन डॅरेल दर वेळी घामाघूम, पडेल चेहऱ्यानं, काखेत पात धरून फोटो काढून घ्यायचा आणि ती मला द्यायचा. मी पीठ पेरून भाजी करायचे. शेवटी शेवटी आमची लेक ईरा ताटाकडे बघून जपानीत एकच शब्द बोलायची, "पुन्हा?"

एकदा डॅरेलनं ती जुडी ओकादा-सानांच्या हातात दिली, म्हणाला, आज हे बक्षीस खरं तुमचं आहे. ओकादा-सानांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि नीट पाहून परत दिली. मला म्हणाले, "त्याला सांगा, बेंचवर बसणाऱ्याला भूक कमी लागते."

*

माझे सासरे पुण्याहून दोन महिन्यांसाठी आले होते. बाबांना मी मॅचला घेऊन गेले. आम्ही सणसणीत हरलो. आमच्याकडे पद्धत अशी की हरल्यावर अख्खी टीम रांगेत उभी राहते, चारी बाजूंच्या प्रेक्षकांसमोर जाऊन कमरेत वाकते आणि माफी मागते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

बाबा चक्रावले. "केतकी, हे काय चाललंय?"

"माफी मागताहेत, बाबा. हरल्याची."

"हरल्याची कसली माफी? आपल्याकडे हरलं की अंपायरला शिव्या घालतात!" ते तावातावानं म्हणाले. मग बराच वेळ बघत राहिले. ओकादा-सान सगळ्यांत खाली वाकले होते आणि सगळ्यांत उशिरा सरळ झाले. "तो म्हातारा तर खेळलाच नाही की. तो कशाची मागतोय?"



*

जानेवारीत निशिमुरा-सानांच्या डोक्यातून "इंडिया डे" निघाला. पोस्टरवर हत्ती आणि हत्तीच्या सोंडेत बास्केटबॉल. करीचा स्टॉल माझा, हे सांगायलाच नको. मी ओजिमा, कोतो, इचिकावा सगळीकडच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि आपली मंडळी पोराबाळांसकट लोटली. इथल्या मॅचमध्ये ढोलाच्या ठेक्यावर शिस्तीत टाळ्या वाजवतात. आमच्या लोकांनी पहिल्या फाउलपासून रेफरीचं खानदान काढलं. महेश, जो ऑफिसात खोकतानाही आजूबाजूला बघतो, तो खुर्चीवर उभा राहून "अरे आंधळा आहेस का!" ओरडत होता. एक स्वयंसेवक "कृपया शांतता" असा फलक घेऊन त्याच्यासमोर वाकून उभा राहिला. महेशनं त्याच्यासोबत सेल्फी काढला!

आणि आम्ही जिंकलो. अख्ख्या सीझनमध्ये घरच्या कोर्टवर पहिल्यांदा. ओकादा-सानांना त्या दिवशी थोडं खेळवलं, त्यांनी दोन बास्केट मारले आणि आमच्या बायकांनी "ओका-दा! ओका-दा!" करून छत डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावणं आलं. मला वाटलं, कौतुक असणार. निशिमुरा-सान गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "केतकी-सान, जिंकलो हे खरं आहे. पण तक्रार आली आहे."

*

फेब्रुवारीत ओकादा-सान निशिमुरा-सानांकडे गेले, आणखी एक वर्ष द्या म्हणून. गुडघे चालतील म्हणाले. पैसे कमी दिले तरी चालतील म्हणाले. त्याच दुपारी डॅरेलही करारासाठी आला होता, म्हणून मी तिथेच होते. दोघांना एकच उत्तर मिळालं. "आम्ही सकारात्मक विचार करू."

डॅरेल बाहेर येऊन खूश. "सकारात्मक! ऐकलंस ना?"

"डॅरेल, दुसरी टीम शोध."

"तू चुकीचं भाषांतर केलंस की काय? सकारात्मक म्हणाला तो!"

"भाषांतर बरोबर आहे. तू नको आहेस असं तो म्हणाला."

"तुला काय माहीत?"

"मी इथे भाड्यानं घर शोधलंय. सगळे घरमालक सकारात्मक विचार करत होते," मी म्हटलं.

*

मार्चच्या सुरुवातीला माझ्या घरी क्लबकडून चार खोकी आली. निशिमुरा-सानांचा फोन आला की ऑफिसात जागा नाही, शेवटच्या मॅचपर्यंत तुमच्याकडे ठेवा आणि कुणाला बोलू नका. मी खोकं उघडलं. आत प्रेक्षकांना विकायचे, मानेभोवती घ्यायचे टॉवेल. त्यावर ओकादा-सानांचं नाव, नंबर आणि "इतकी वर्षं धन्यवाद". असा माल एका रात्रीत छापून होत नाही. म्हणजे ते दोन्ही गुडघे पुढे करून आणखी एक वर्ष मागत होते, तेव्हा इकडे ऑर्डर गेलेली होती!

मला फार राग आला. मी निशिमुरा-सानांना म्हटलं, त्यांना सांगा. ते म्हणाले, योग्य वेळी. महेश म्हणाला, "तू यात पडू नकोस, तुझा व्हिसा माझ्यावर आहे पण तुझी नोकरी तुझ्यावर आहे." मी पडले. दुसऱ्या दिवशी सरावानंतर सायकल स्टँडवर ओकादा-सानांना गाठलं आणि माझ्या मोडक्या-तोडक्या सभ्य जपानीत सांगून टाकलं की, तुमच्या निरोपाचे टॉवेल माझ्या घरी येऊन पडलेत.

ते सायकलचं कुलूप काढायचे थांबले. मग म्हणाले, "किती?"

"चार खोकी."

त्यांनी थोडा विचार केला. "इतके खपायचे नाहीत," म्हणाले.

*

शेवटची घरची मॅच. आम्ही हरलो, ते असो. ओकादा-सानांना शेवटच्या काही मिनिटांत उतरवलं, सत्कारमूर्तीला खेळवतात तसं. मग दिवे मालवले, त्यांच्यावर एकच झोत टाकला. निशिमुरा-सान माइकवर म्हणाले की ओकादा-सानांनी पूर्ण विचारांती निवृत्तीचा निर्णय घेतला आहे. पुष्पगुच्छ झाला. प्रेक्षकांत बायका रुमाल काढून तयार होत्या. अशा वेळी खेळाडूनं क्लबचे, प्रेक्षकांचे, आईवडिलांचे आभार मानायचे, रडायचं आणि रडवायचं, अशी इथली रीत आहे.

ओकादा-सानांनी माइक घेतला. आधी कमरेत वाकले. मग सरळ झाले.

"मी निवृत्त होत नाहीये. मला पुढच्या वर्षीही खेळायचं आहे. कुणाला खेळाडू हवा असेल, तर कृपया सांगा."

रुमाल काढलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. निशिमुरा-सानांचा चेहरा मला झोताच्या कडेला दिसत होता. तेवढ्यात निवेदक हसला आणि माइकवर ओरडला, "शेवटच्या क्षणापर्यंत गमत्ये, आमचे ओकादा-सान!"

आणि सगळे हसले. पोटभर हसले. टाळ्या वाजवल्या.

हसू थांबेपर्यंत ओकादा-सान माइक धरून उभे राहिले. मग त्यांनी तेच, एकही शब्द न बदलता, पुन्हा एकदा म्हटलं.

या वेळी टाळ्या आणखी मोठ्या पडल्या.